दामाजीची निशाणी

कागद चिकटवायचं रबर सोल्यूशन सुकलं की बोटांवर त्याच्या शेवया वळतात.

भरती आणि ओहोटीच्या मधे खाडीचं पाणी थोडा वेळ कुठेच जात नाही.

"कमळ नको. कमळ सगळ्यांचंच असतं."

कुणाच्या तरी दारात जाळं वाळत घातलंय. आत परातीतल्या पिठावर त्याची सावली पडलीय आणि पीठ मळणाऱ्या बाईचे हात सावलीत अडकल्यासारखे दिसतायत.

चार रंगांच्या छपाईत काळा शेवटी येतो. तोवर चित्रातली माणसं धुक्यात उभी असतात.

तिवरांत एक बगळा. तो कुणाचाच नाही.

*

सकाळी सगळं ठाणं मुंबईकडे तोंड करून पळायचं तेव्हा शेवंती कोळी उलट्या दिशेने डोंबिवलीला निघालेली असायची. फडके रोडच्या मागच्या गल्लीत एका छापखान्याच्या माळ्यावर मधुकाका करंदीकरांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन उतरती टेबलं, एक खिडकी, शाईच्या बाटल्या आणि दिवसभर चहा मागवणारे मधुकाका. पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकांतल्या जाहिराती, लोणच्याची लेबलं, लग्नपत्रिकांवरचे गणपती, जे येईल ते तिथे व्हायचं. साल शहाऐंशी होतं.

मुखपृष्ठं शेवंतीकडे असायची. तिची पद्धत अशी की पुस्तकाचं पहिलं पान वाचायचं, शेवटचं वाचायचं आणि रविवारी दुपारी हस्तलिखिताची चळत उशाशी घेऊन पडायचं. मधली पानं झोपेत आपोआप येत, ती स्वतःला हवी तशी. एकदा एका कादंबरीसाठी तिने घराच्या कौलांवर विहीर काढली. लेखक बघायला आले आणि म्हणाले, "माझ्या पुस्तकात विहीर नाहीच."

"काढून टाकू?"

"नको. आता मला ती लिहावी लागेल असं वाटतंय."

मधुकाका हे चार ठिकाणी सांगायचे. शेवंती ऐकत नसल्यासारखं दाखवून टोकदार पेनने रेघ ओढत राहायची.

*

त्या साली ठाण्याच्या खाडीकाठी 'जलतरंग' नावाची वसाहत उभी राहत होती. शेवंतीच्या कोळीवाड्याला लागूनच. वसाहतीची लांबलचक कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे एक मोकळी जागा, आणि जागेपलीकडे पाणी. त्या मोकळ्या जागेत अख्खा कोळीवाडा जाळी वाळत घालायचा. कुणाच्या आजोबांच्या आजोबांपासून. बिल्डरशेठचा त्या जागेवर डोळा होता. वसाहतीतून थेट पाण्याकडे उघडणारं एक फाटक त्याला हवं होतं, फाटकापुढे बाग, बागेत बाकं. पण जाळी पसरलेली असताना फाटक कुठे उघडणार? तो दोनदा येऊन बोलून गेला होता. कोळीवाड्याने त्याला चहा पाजला, सुकट बांधून दिली आणि जाळी तिथेच ठेवली.

या वसाहतीसाठी एक चिन्ह हवं म्हणून शेठ मधुकाकांकडे आला. घराच्या दारावर, पत्रांवर, पाण्याच्या टाकीवर, भिंतीवर, सगळीकडे तेच.

"शेवंती," मधुकाका म्हणाले, "पाणी दिसलं पाहिजे. पण ओलं वाटता कामा नये. लोक ओल आलेलं घर घेत नाहीत."

तिने हंस काढला. शेठ म्हणाला, हॉटेलसारखा वाटतो. नारळाचं झाड काढलं, तर ते गोव्याचं निघालं. कमळाचं काय झालं ते तर शेठने खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं होतं. लाटा काढल्या, त्या लाटा आहेत की साप यावर शेठ आणि त्याचा मेहुणा यांच्यात वाद झाला.

मग एका दुपारी, जेवणानंतर, खालचं छपाईचं यंत्र एका लयीत धडधडत असताना आणि टेबल त्याबरोबर मांजरासारखं घुरघुरत असताना, शेवंतीचे डोळे मिटले. हात मात्र मिटला नाही. डोळे उघडले तेव्हा कागदावर एक वाटोळं होतं, त्याला वरून एक तिरकी चीर, खाली दोन आडव्या रेघा.

मधुकाका मागे उभे होते. चहाचा कप हातात तसाच.

"हे कुठून आलं?"

"माहीत नाही."

"पाण्यावर सूर्य आहे गं हा. सूर्य आणि वर एक किरण. आणि ओलं अजिबात नाही!"

शेठने कागद बघितला आणि पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकून बसला.

*

घरी आल्यावर ती पाय धुवायला मागच्या दारी गेली. तिथे तिच्या बापाचं, दामाजीचं, जाळं खुंटीला लटकलेलं होतं आणि जाळ्याच्या कडेने लाकडी बोये. पाण्यात जाळं कुठे आहे ते दाखवणारे, तरंगणारे लाकडाचे तुकडे. प्रत्येक बोयावर सुरीने कोरून डांबर भरलेली निशाणी.

वाटोळं, वरून एक तिरकी चीर, खाली दोन आडव्या रेघा.

शेवंती ओल्या पायांनी तशीच उभी राहिली.

कोळीवाड्यात प्रत्येक घराची अशी निशाणी होती. परशुरामच्या घरची कासवाच्या पाठीसारखी. जनाबाईच्या घरची फुली आणि फुलीच्या कुशीत एक टिंब. खाडीत जिथे ज्याची निशाणी तरंगत असेल तिथे दुसऱ्याने जाळं टाकायचं नाही, एवढा साधा कायदा होता, आणि तो कुणी कधी मोठ्याने म्हटल्याचं शेवंतीला आठवत नव्हतं. शेवंती ही निशाणी बघत रांगायला शिकली होती. आता तीच तिच्या हातातून कागदावर उतरली होती आणि तिला वाटलं होतं, आपल्याला सुचली.

दामाजी पडवीत जाळ्याची फाटलेली घरं विणत बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तिला वाटलं तो रागावेल.

"म्हंजे आपली निशानी त्या बिल्डिंगवर?"

"नको असेल तर मी दुसरं काहीतरी काढते, बाबा. शेठला सांगते."

"नको कशाला? काढ की. निशानी काय झिजते काय?" त्याने दात दाखवले. "माझ्या बापाने सुरीने काढली, तू पेनाने काढतेस. बापूस असता तर नाचला असता."

आतून आवडाबाई, शेवंतीची आई, म्हणाली, "नाचला असता! बिल्डरच्या घरावर नाव आपलं आणि ऱ्हायला आपण हितंच. शेवंते, त्या शेठला सांग, एक खोली दे म्हनावं निशानीला तरी."

तिघंही हसले. त्या हसण्यात कुणालाच काही सुचलं नाही.

*

चांगदेव पेंटर यांस,
भिंतीच्या खाडीकडच्या टोकाला, वळणावर, जिथून पाण्यावरूनही दिसेल अशा जागी चिन्ह काढणे. उंची भिंतीइतकी. सोबतच्या चौकटी मोजून मोठं करणे, अंदाजाने नको. वाटोळं कंपासचं आहे, त्याला पोट येऊ देऊ नका. चीर तिरकी राहिली पाहिजे, सरळ नको. मागची जमीन पांढरी, चिन्ह गडद निळं, ऑइलपेंट, दोन हात. अक्षरं खाली, लहान. अक्षरांपेक्षा चिन्ह आधी वाचलं जावं.
शे. कोळी

*

आणि ते वाचलं गेलं.

*

भिंत रंगवून झाली तेव्हा दामाजी इस्त्रीचा सदरा घालून बघायला गेला. भिंतीच्या वळणावर, मोकळ्या जागेच्या अगदी तोंडाशी, त्याच्या घरची निशाणी त्याच्याहून उंच उभी होती. तो मागे सरकला, अजून मागे सरकला, तरी ती डोळ्यांत मावेना. वसाहतीच्या वॉचमनने विचारलं, "किसको मिलना है?"

"कुनाला नाय," दामाजी म्हणाला. "ह्याला बघायला आलोय."

वॉचमनने भिंतीकडे बघितलं, दामाजीकडे बघितलं, आणि मग दोघांनी मिळून थोडा वेळ बघितलं.

शेवंतीला ती भिंत कामावरून येताना दिसायची. संध्याकाळचं ऊन पाण्यावरून उलटं उसळून भिंतीवर हलायचं, आणि त्या हलत्या उजेडात निळं वाटोळं तरंगल्यासारखं वाटायचं. जणू भिंत हेच पाणी आणि तिच्या खाली कुठेतरी खोल एक भलंमोठं जाळं सोडलेलं आहे. त्या जाळ्यात काय येत असेल? इमारतींच्या सावल्या, तिला वाटायचं. दुपारच्या झोपा. कौलांवरच्या विहिरी.

तिला फार बरं वाटायचं त्या दिवसांत.

*

मोकळ्या जागेतली जाळी कमी होऊ लागली.

आधी परशुरामचं जाळं दिसेनासं झालं. मग बाकीची, एकेक करून. गणपती गेले, पितरं संपत आली तेव्हा तिथे फक्त दामाजीचं जाळं पसरलेलं असायचं. एवढ्या मोठ्या जागेत एकटंच, जेवणावळ उठून गेल्यावर मागे राहिलेल्या एका पत्रावळीसारखं.

दामाजीला वाटलं, लोकांनी आपल्याला वाळीत टाकलं. पण तसंही दिसत नव्हतं. बंदरावर लोक त्याला वाट द्यायचे, जरा जास्तच. त्याची होडी लागली की दुसरे आपली होडी बाजूला ओढायचे. परशुराम, ज्याने जन्मभर त्याला शिवीशिवाय हाक मारली नव्हती, तो "या दामाजीशेठ" म्हणाला. कोळीवाड्यात आदर वाढला की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

"तू काय बोललास त्यांना?" आवडाबाईने विचारलं.

"मी? मी बोलतो कधी?"

"मग नाय बोललास म्हनून असंल."

*

स्टुडिओत मधुकाका खूश होते. शेठने आणखी काम दिलं होतं. पिशव्या, कॅलेंडर, किल्ल्यांना लावायचे बिल्ले.

"तुझं डिझाईन लकी आहे गं," ते म्हणाले. "इतकी वर्षं ती कोळ्यांची जागा सुटत नव्हती. भिंत रंगवली आणि आपोआप रिकामी झाली म्हणे. दसऱ्यानंतर मोजणीवाले येणार आहेत. जागा वापरात नाही असं दिसलं की झालं, फाटक उघडायला मोकळे." मग ते थांबले. "अगं, तू तिथलीच ना? तुमच्यापैकी कुणाचं नुकसान नाही ना होत?"

शेवंतीच्या हातातल्या पेनातून शाईचा थेंब पडला. कागदावर तो पसरत पसरत वाटोळा झाला. ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू तोही आता कुणाचा तरी होणार होता.

*

जनाबाईच्या दारात जाळं वाळत घातलं होतं. ते उचलून आत जावं लागत होतं. जनाबाई भाकरीचं पीठ मळत होती. साठी ओलांडलेली, कोळीवाड्यातली सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई. आज आवाज लहान.

"ये गो शेवंते. सांभाळून. जाल्यात पाय घालशील."

"मावशी, जाळं इथे का? जागेवर का नाही घातलं?"

"असू दे गो. हितं पन ऊन येतं की."

"कुठे येतं? घरात अंधार झालाय."

"दोन दिवसांचा परश्न. तुज्या बापसाचं काम झालं की आमी जाऊ परत."

"बाबांचं कसलं काम?"

जनाबाईने पिठातले हात थांबवले. तिने शेवंतीकडे असं बघितलं की शेवंती लहान झाली आणि परकर नेसून उभी राहिली.

"आता ते मला काय ठावं? आमी इचारलंय काय? निशानी लावलीये त्याने तोंडाशी, म्हंजे लागत असंल जागा. तुज्या आज्याने लावलेली तुज्या आत्याच्या लग्नात. माज्या सासऱ्याने लावलेली नवी जाली रंगवायची होती तवा. ज्याला सगली जागा लागंल त्याने लावावी, काम झालं की काढावी. आपन इचारायचं नाय. इचारलं की त्याला वाटतं, हिला परवडत नाय." मग अगदी हळू: "पन गो, ह्या बारीला लई मोठी लावलीन. आनि रंगाने. काडायची कशी?"

बाहेर कुणीतरी होडीचं पाणी उपसत होतं. शेवंतीला ते डब्याचे आवाज एकेक ऐकू आले.

तिला ठाऊक होतं हे. हेच तर वाईट होतं. लहानपणी तिने स्वतः पाहिलं होतं, आत्याच्या लग्नाच्या वेळी जागेच्या तोंडाशी बांबूला टांगलेली फळी, फळीवर वाटोळं, आणि बाकी सगळ्यांनी न बोलता गुंडाळून नेलेली जाळी. दामाजीलाही ठाऊक होतं. पण कंपासने काढलेल्या, निळ्या, भिंतीइतक्या उंच चिन्हात त्या दोघांना ती फळी दिसली नव्हती. बाकी साऱ्या कोळीवाड्याला दुसरं काही दिसलंच नव्हतं. आणि दामाजीने तिथे एकट्याने जाळं पसरून त्यांचा समज रोज पक्का केला होता.

*

"मग सांगू आपन सगळ्यांना, ती आपली नाय म्हनून."

"पण आहे ना आपली, बाबा."

"भिंतीवरची नाय. भिंतीवरची शेठची."

"आणि बोयांवरची?"

"ती आपली."

"दोन्ही सारख्याच आहेत. मी कंपासने काढली एवढाच फरक."

"मग पुसून टाकू."

"चांगदेव परत रंगवील. त्याला वर्षाचं काम दिलंय."

"लोकांना सांगू, बघू नका तिकडं."

आवडाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "एक निशानी बघायची नाय म्हनलं की उद्या खाडीतली कुनाची बघायची नाय. मग घालतील एकमेकांच्या जाल्यावर जाली. बसा मग."

*

शेवंती मधुकाकांशी बोलली. ते वाईट माणूस नव्हते. ते उठले, खिडकीशी गेले, खाली गल्लीतल्या एका किराणा दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"ती अक्षरं माझी. तरुणपणी काढलेली. किती वळणदार होती बघ. आता ती मला ओळख देत नाहीत. चिन्ह देऊन टाकलं की देऊन टाकलं, शेवंती. शेठकडे मी शब्द टाकीन, पण तो काय करील मला ठाऊक आहे. तो म्हणेल, वा, म्हणजे ते चालतंय."

रविवारी दुपारी ती पडली तेव्हा उशाशी पुस्तक नव्हतं. तरी चित्र आलं. लांबलचक पांढरी भिंत, आणि भिंतीवर एकाच नव्हे, सगळ्या घरांच्या निशाण्या. कासवाची पाठ, फुली आणि टिंब, मासोळीचं शेपूट, तीन दात. सगळ्या हलत्या, भरतीबरोबर वर चढणाऱ्या, ओहोटीबरोबर उतरणाऱ्या, आणि भिंतीत दूरवर उभी असलेली माणसं आपापली निशाणी ओळखून हात हलवणारी. ती धडपडत उठली. हेच. चांगदेवला हाताशी धरायचं, सगळ्यांच्या निशाण्या भिंतीवर काढायच्या. मग जागा सगळ्यांची.

तिने कागदावर काढून दामाजीला दाखवलं. त्याने कागद उन्हात धरला. मनापासून बघितला.

"झ्याक दिसतंय."

"मग?"

"सगळ्यांनी एकाच वेळी सगळी जागा मागितली असं होईल. तू काय भांडनं लावायला निघालीस काय गो?"

शेवंतीला हसू आलं आणि हसता हसता तिचे डोळे भरले. कागदावर ते चित्र अजूनही सुंदर होतं. ते आता कशाचंच नव्हतं.

*

दसरा झाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दामाजीने आपले सगळे बोये जाळ्यापासून सोडवले आणि पाटीत भरून बंदरावर आणले. कोळी पाण्यावरून परतायची ती वेळ. माणसं होती, टोपल्या होत्या, बायकांचा गलका होता. तो एका उपड्या होडीवर बसला आणि परशुरामला म्हणाला,

"रंधा दे रे तुजा."

परशुराम होड्या दुरुस्त करायचा, त्याची अवजारं कायम बंदरावर असत. त्याने रंधा दिला. कशाला, असं विचारलं नाही. न विचारण्याची त्याला आता सवय झाली होती.

दामाजीने पहिला बोया मांडीवर धरला आणि निशाणीवरून रंधा ओढला. लाकडाची एक पातळ साल वर आली, वळली, पडली. तिच्यावर अर्धं वाटोळं होतं. त्याने परत ओढला. डांबर खोल गेलेलं होतं, त्याच्या बापाने भरलेलं, मग त्याने स्वतः दरवर्षी वरून भरलेलं. सहज निघत नव्हतं. तो ओढत राहिला.

गलका आधी पाण्याच्या बाजूने थांबला, मग बाजाराच्या.

शेवंती कामावर जायला निघाली होती. पिशवी खांद्याला, पायात चप्पल. ती तिथेच उभी राहिली. तिला बापाकडे जाऊन रंधा धरावासा वाटला. तिला ओरडावंसं वाटलं की ही निशाणी आज्याची आहे, आणि मी एका दुपारी झोपेत ती उचलून दिली. ती काहीच करू शकली नाही. साली वाऱ्याने उडून ओहोटीच्या पाण्यात पडत होत्या आणि एकेक करून निघून जात होत्या. तिरकी चीर. दोन रेघा. वाटोळ्याचा एक तुकडा, नखासारखा.

परशुराम खाली बसला. त्याने पाटीतला एक बोया उचलला, पुसला आणि दामाजीच्या हातात दिला. तो झाला की पुढचा. शेवटचा बोया कोरा झाला तेव्हा दामाजीने रंधा परत केला.

"धार गेली तुजी," तो म्हणाला.

"जाऊ दे, मायला," परशुराम म्हणाला. "लावू परत. तू ऊठ, कंबर धरंल."

या वेळी तो 'दामाजीशेठ' म्हणाला नाही.

जनाबाईने टोपली डोक्यावर घेतली. घेता घेता ती भिंतीच्या वळणाकडे, त्या उंच निळ्या वाटोळ्याकडे बघून म्हणाली, आणि या वेळी आवाज नेहमीसारखा मोठा होता, "कुनाचं गो ते? कुनाचं तरी काय तरी दिसतंय."

कुणाच्याच बोयावर ती निशाणी नव्हती. म्हणजे ते आता नुसतं चित्र होतं.

*

संध्याकाळपर्यंत मोकळ्या जागेत पाय ठेवायला जागा उरली नाही. दारातली, पत्र्यावरची, कुंपणावरची, सगळी जाळी परत आली. मोजणीवाले आले तेव्हा त्यांची साखळी जाळ्यात अडकली, ती सोडवायला कोळणी धावल्या, आणि सोडवता सोडवता त्यांनी असा काही गोंधळ घातला की मोजणीवाले चहा आणि सुकट घेऊन परतले. फाटक शेवटी रस्त्याच्या बाजूला उघडलं.

भिंतीवरचं चिन्ह राहिलंच. शेठचं चांगलं चाललं. चौऱ्याण्णवपर्यंत टिटवाळ्यात त्याच्या इमारती झाल्या, मोहन्याकडे झाल्या, आणि जिथे इमारत तिथे पाण्याच्या टाकीवर ते निळं वाटोळं. विठ्ठलवाडीला एकदा एका बाईच्या हातातल्या पिशवीवर शेवंतीला ते दिसलं. कांदे भरल्यामुळे त्याला पोट आलं होतं. चीर मात्र अजून तिरकी होती. ती बराच वेळ त्या पिशवीमागे चालली. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणीला हाक मारावी की नाही, तसं काहीसं.

कोळीवाड्यात त्याला 'शेठचं वाटोळं' म्हणायचे. दामाजी त्याच्या सावलीत बसून बिडी ओढायचा.

नवी निशाणी काढायचं काम त्याने शेवंतीला सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगणार? घरातली पेंटरीण तीच. ती काढायची, तो बघायचा.

"ही बँकेची वाटते."

"बरं."

"ही छान हाय. पन ही औषधाच्या बाटलीवरची. बघितलीये मी."

"बाबा, तुम्हाला हवी तरी कशी?"

"ते मला ठावं असतं तर तुला कशाला शिकवली?"

तिने पुस्तकांवर पुस्तकं केली, तिच्या मुखपृष्ठांना लोक नावाने ओळखू लागले, दुपारच्या झोपेत तिला काय काय दिसायचं. खिडकीत उगवलेली होडी. अक्षरांच्या शेतात चरणारी गाय. बापाची निशाणी मात्र आली नाही. तोवर त्याचे बोये कोरेच पाण्यावर जात राहिले. खाडीत इतक्या निशाण्यांमधे काहीही न लिहिलेलं लाकूड दुरूनच दिसे, आणि तिथे कुणी जाळं टाकत नसे.

रविवारी तो विचारायचा, "झाली काय गो?"

"नाही, बाबा."

"घाई नाय."

*

दामाजीने पहिल्यांदा जाळं टाकलं तेव्हा त्याच्याकडे होडी नव्हती, तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, आणि जाळं कुणाचं ते त्याच्याकडे बघूनच कळत होतं.